हरलो म्हणा

झाडावर दहा चिमण्या बसल्या होत्या. शिकाऱ्याने गोळी झाडली, एक चिमणी मेली. झाडावर किती राहिल्या?

या प्रश्नाला कोण काय उत्तर देतं त्यावरून माणसाची पारख करायची मला खोड आहे. ‘नऊ’ म्हणणारा सरळमार्गी. त्याच्याशी बिनधास्त व्यवहार करावा. ‘एकही नाही, बाकीच्या उडाल्या’ असं ताडकन म्हणणाऱ्याने कोडं आधी ऐकलेलं असतं आणि ते तो लपवत असतो. तिसरी जात वकिलांची. आमच्या एका मामांनी चष्मा वर सरकवून विचारलं होतं, “मेलेली चिमणी खाली पडली की फांदीतच अडकली? अडकली असेल तर एक राहिली.” उत्तर बिनतोड होतं. पण विचारणारा पोरगा पहिलीतला होता आणि तो रडकुंडीला आला. त्याला मामांची हुशारी नको होती. त्याला मामांनी ‘नऊ’ म्हणायला हवं होतं, म्हणजे मग टाळ्या पिटत ‘चुकलं!’ असं ओरडता आलं असतं.

फसव्या कोड्याची सगळी गंमत त्या एका शब्दात आहे. लहान मूल दिवसभर हा शब्द ऐकत असतं. वहीतली बेरीज चुकलेली असते, बुटांचे पाय उलटसुलट झालेले असतात, पाहुण्यांसमोर भलतंच बोललेलं असतं. घरातल्या मोठ्या माणसाला तोच शब्द ऐकवायची सोय एरवी कुठे आहे? कोड्यात ती आहे. शिवाय उत्तर येत नसेल तर मोठ्याला तोंडाने कबूल करावं लागतं. “हरलो म्हणा, मग सांगते,” असं कमरेवर हात ठेवून सांगणारी चिमुरडी त्या घटकेपुरती घरातली कर्ती असते. मला वाटतं, कोडी पिढ्यान्‌पिढ्या टिकली ती बुद्धीला धार येते म्हणून नव्हे. ज्यांना एरवी प्रश्न विचारता येत नाहीत त्यांना ती विचारायची पाळी देतात, म्हणून टिकली.

आमच्याकडे साताऱ्याच्या बाजूला पेरणीआधी बियाणाच्या भुईमुगाच्या शेंगा हाताने फोडत. यंत्रात घातल्या तर दाण्याचं तांबूस साल निघतं, दाणा दुभंगतो आणि मग तो नीट उगवत नाही. मे महिन्याच्या दुपारी सोप्यात पोतं रिकामं व्हायचं आणि त्या ढिगाभोवती घरच्या बायका, कामाला आलेल्या बायका आणि सुट्टीला आलेली आम्ही पोरं बसायचो. शेंगेचं टोक फरशीवर टेकवून दाबलं की ती फट्‌कन उघडते. नखाने उघडायला गेलं तर टरफल नखाखाली शिरतं आणि अंगठा संध्याकाळपर्यंत ठणकत राहतो. पोरांचा हिशेब ठरलेला असे, दोन दाणे सुपात आणि एक तोंडात. आमच्या आत्याने त्यावर शोधलेला इलाज म्हणजे कोडी. पोरांची तोंडं बोलण्यात गुंतली की बियाणं वाचतं.

आत्या आधी वस्तूंची कोडी घाली. ना दार ना खिडकी अशा घरात साठवलेलं गोड पाणी, म्हणजे नारळ. अंगाने एवढंसं पण अख्ख्या वाड्याची राखण करणारं, म्हणजे कुलूप. ही ओळखायची कोडी; त्यात नजर लागते, फसवणूक नसते. मग पोरं रंगात आली की ती आवाज जरा खाली आणी आणि सहज विचारल्यासारखं विचारी, “एक लुगडं वाळायला दोन तास लागत्यात. पाच लुगडी वाळायला किती?”

शाळेत जाणारी सगळी पोरं एका सुरात ओरडली, “दहा!”

कामाला आलेल्या बायका तोंडाला पदर लावून हसायला लागल्या. त्यांतल्या एकीने शेंग फोडता फोडता, मान वर न करताच विचारलं, “दोरी पुरंल एवढी हाय न्हवं? मग दोनच की.” तिने शाळेचं तोंड पाहिलं नव्हतं. तिच्यापुढे दोन आणि पाच हे आकडे आलेच नाहीत. तिला लुगडी दिसली, दोरी दिसली आणि ऊन दिसलं. पोरांना दिसलं ते त्रैराशिक.

लुगड्याच्या या कोड्याला एक सख्खं भावंड अमेरिकेत आहे. शेन फ्रेडरिक या संशोधकाने 2005 साली तीन प्रश्नांची एक चाचणी प्रसिद्ध केली. त्यातला एक प्रश्न असा: पाच यंत्रांना पाच नग बनवायला पाच मिनिटं लागतात, तर शंभर यंत्रांना शंभर नग बनवायला किती वेळ लागेल? उत्तर पाचच मिनिटं. पण ‘शंभर’ असं जिभेवर आधीच येऊन बसलेलं असतं, आणि भल्या भल्या विद्यापीठांतली मुलं ते ढकलून देऊ शकत नाहीत. फ्रेडरिकला पाहायचं होतं ते नेमकं हेच, की पहिलं सुचलेलं उत्तर माणूस क्षणभर तरी अडवून धरतो का. आमच्या आत्याला बियाणं वाचवायचं होतं. प्रश्न मात्र दोघांनी एकाच मातीचा घडवला.

याहून मजेशीर, आणि थोडी पोटात गोळा आणणारी, गोष्ट फ्रान्समधली. एका जहाजावर 26 मेंढ्या आणि 10 शेळ्या आहेत, तर कप्तानाचं वय किती? 1980 च्या सुमारास ग्रेनोबलच्या काही संशोधकांनी हा प्रश्न प्राथमिक शाळेतल्या 97 मुलांना घातला. 76 मुलांनी दिलेल्या आकड्यांची काही ना काही आकडेमोड करून कप्तानाचं वय काढून दाखवलं. 36 हे तसं कप्तानाला शोभणारं वय आहे, नाही का? मूळ खोडी कादंबरीकार गुस्ताव्ह फ्लोबेरची. त्याने तरुणपणी बहिणीला लिहिलेल्या पत्रात असंच एक जहाज, त्यावरचा माल, वारा वगैरे सगळा तपशील देऊन शेवटी कप्तानाचं वय विचारलं होतं. बहीण हसली असेल. शाळेतली मुलं हसली नाहीत, कारण शाळेत प्रश्न विचारणारा खोडी काढत नाही हे ती शिकून चुकली होती. आकडे दिलेत म्हणजे ते वापरायचे. बाईंनी विचारलंय म्हणजे उत्तर असणारच. ही शाळेतली सभ्यता आहे आणि ती पाळल्याशिवाय पाढे पाठ होत नाहीत, हेही खरं. पण रविवारी घरी एखादी वाह्यात आत्या असणं त्यावर फार गरजेचं.

विचारायची पाळी कोणाची, याच्यावरची आपल्याकडची सगळ्यात देखणी गोष्ट चांगदेवांची. दंतकथा सांगते की चांगदेव चौदाशे वर्षांचे योगी. आळंदीच्या पोरसवदा भावंडांची कीर्ती कानावर आली तेव्हा त्यांना पत्र लिहायला बसले आणि मायन्यापाशीच अडले. ज्ञानदेव वयाने लहान, तर आशीर्वाद लिहावा. पण ज्ञानाने मोठे, तर नमस्कार लिहावा. काहीच ठरेना, म्हणून कोरा कागदच धाडला. चौदाशे वर्षांच्या माणसाला मायना सुचू नये! कागद पाहून मुक्ताबाई म्हणाली की एवढं जगूनही हा कोराच राहिला. भावंडांत सगळ्यात लहान ती, आणि जिथे वार बसायचा तिथे तिने नेमका केला. ज्ञानदेवांनी त्या कोऱ्या कागदाला पासष्ट ओव्यांचं उत्तर लिहिलं, ते प्रसिद्धच आहे. माझं मन मात्र मुक्ताबाईच्या त्या एका शेऱ्यावर घोटाळतं. कोरं पत्र हे बहुधा आपल्याकडचं एकमेव कोडं, जे घालणाऱ्याला स्वतःलाच सुटत नव्हतं. पुढे चांगदेवांनी याच मुलीला गुरू केलं. ‘हरलो’ म्हणण्याचा याहून मोठा प्रकार मला ठाऊक नाही. मुक्ताबाईच्या अभंगातली आकाशात उडणारी मुंगी किंवा नाथांची भारुडं हीही कोडीच, पण त्यांचे अर्थ लावणारे जाणकार पुष्कळ आहेत. तिथे मी शिरत नाही.

वेताळाचा मामला आणखी वाकडा. ‘चांदोबा’ वाचत मोठ्या झालेल्यांना विक्रमाच्या खांद्यावरचं ते प्रेत वेगळं सांगायला नको. उत्तर माहीत असून गप्प बसलास तर डोक्याची शकलं होतील, आणि बोललास तर मी पुन्हा झाडावर. म्हणजे राजा बरोबर उत्तर देतो तेव्हा प्रत्येक वेळी हरतो. मेलेला विचारतो, जिवंत उत्तर देतो, आणि हुशारी हीच त्याची पायपीट ठरते. शेवटच्या गोष्टीत एक बाप आणि मुलगा वाटेवर दोन बायकांच्या पाऊलखुणा पाहतात. मोठ्या पावलाची ती बापाची बायको आणि लहान पावलाची मुलाची, असं ठरतं. गाठ पडते तेव्हा कळतं, मोठी पावलं मुलीची आणि लहान पावलं तिच्या आईची! दिलेला शब्द मोडायचा नाही म्हणून लग्नं तशीच लागतात. मग त्यांना झालेल्या मुलांचं एकमेकांशी नातं काय? राजा विचार करतो, करतो, आणि गप्पच राहतो. तिथे तो जिंकतो. लहानपणी हा शेवट मला फसवा वाटे. आता वाटतं, राजाला त्या रात्री पहिल्यांदाच जरा विसावा मिळाला असेल.

बायकांच्या कोड्यांत आणखी एक चावट जात होती, आणि ती पोरं पेंगायला लागल्यावर बाहेर पडे. दिवाळसणाला नवा जावई आला की मेव्हण्या त्याला असली कोडी घालत. आधी दुखतं, आई गं म्हणायला लागतं, आत गेलं की बरं वाटतं, अशा वळणाने वर्णन चाले. जावयाचे कान लाल होत, सासरेबुवांना अचानक गोठ्यात काम निघे. मग मेव्हणी निरागस चेहऱ्याने सांगे, “बांगड्या भरणं! तुम्हाला काय वाटलं, दाजी?” या ‘तुम्हाला काय वाटलं’ला उत्तर नसतं. घाण विचार केला तो ऐकणाऱ्याने. बोलणारी कासाराच्या दुकानाबद्दल बोलत होती. एरवी ज्या घरात सुनांनी थोरल्यांसमोर मोठ्याने हसायचं नसे, त्याच घरात हे चाले आणि कोणी हटकत नसे. कोडं आहे म्हटल्यावर काय हटकणार?

भोंडल्यात हाच डाव उलटा पडतो. नवरात्रात पाटावर हत्ती काढून, फेर धरून गाणी झाली की शेवटी खिरापत ओळखायची. इथे कोडं घालणारी यजमानीण आणि सोडवणाऱ्या मुली. ती पितळी डबा कानाजवळ आणून हलवते. खडखड वाजलं तर शंकरपाळी नाहीतर चिवडा, थपथप वाजलं तर शिरा किंवा खीर. गोड की तिखट? ओलं की सुकं? कसलेल्या यजमानिणी यातही लबाड्या करत. भिजवलेल्या डाळीच्या डब्यात चमचा टाकून ठेवत, किंवा डबा इतका गच्च भरत की आवाजच येऊ नये. ‘आमच्या घरची खिरापत कोणाला ओळखता आली नाही’ हे वर्षभर मिरवायचं भूषण असे. त्यापायी एकीने एकदा कारल्याचे काप तळून आणले. कोणाला ओळखता आले नाहीत, आणि कोणी फारसे खाल्लेही नाहीत.

कोडं एकदा फुटलं की ऐकणाऱ्याच्या उपयोगाचं उरत नाही. ते लगेच दुसऱ्या कोणाला तरी घालावंच लागतं. मधल्या सुट्टीत फसलेलं पोर संध्याकाळी बापाला फसवायला टपून असतं. “पांढरा म्हणा. पांढरा. पांढरा. आता गाय काय पिते?” बाप ‘दूध’ म्हणतो आणि घर दणाणतं. खरा बाप तो, जो तेच कोडं पुढच्या आठवड्यात पुन्हा विचारलं तरी पुन्हा ‘दूध’ म्हणतो. पहिल्यांदा माणूस फसतो ते सवयीने, दुसऱ्यांदा मायेने. मामांना हे कधी जमलं नाही.

माझ्या भाचीची मुलगी अजून बालवाडीत आहे. फसवं कोडं म्हणजे काय ते तिला नीटसं उमगलेलं नाही, पण कोडं घातलं की सगळे आपल्याकडे बघतात हे पक्कं उमगलंय. परवा जेवणं झाल्यावर ती सतरंजीच्या मधोमध उभी राहिली. “लाल असतं, पळतं, आणि त्याला आजोबा नसतात. ओळखा.” आम्ही टोमॅटो म्हटलं, बस म्हटलं, मुंगी म्हटलं. प्रत्येक वेळी ती मान हलवून, आवाज चढवून “चुकलं!” म्हणाली. तिचे आजोबा पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले, कोणत्याही गोष्टीचा आराखडा मांडल्याशिवाय पुढे न जाणारे. त्यांनी गंभीरपणे विचारलं, “त्याला चाकं असतात का गं?”

ती थांबली. तिने खरोखर विचार केला. “ते अजून ठरवलं नाहीये,” ती म्हणाली. “तुम्ही आधी हरलो म्हणा.”