दुकानामागची खोली

मैत्रिणींनो, लेक-जावई किंवा मुलगा-सून अमेरिकेत असले की आपली एक फेरी ठरलेलीच. नायगारा, न्यूयॉर्क हे सारं होतंच. पण दक्षिणेत न्यू ऑर्लिन्सला जायचा योग आला, तर माझं एक ऐका. रॅम्पार्ट आणि डुमेन या रस्त्यांच्या कोपऱ्यावर एक जुनी इमारत आहे, ती बघून या. दिसायला अगदी साधी. मधल्या काळात तर तिथे कपडे धुण्याची यंत्रं घरघरत होती! पण जगभरच्या तरुणांना नाचवणारं रॉक अँड रोल जिथे आकाराला आलं, त्या मोजक्या जागांपैकी ही एक, बरं का.

इथे मताझा कुटुंबाचं ‘जे अँड एम’ हे दुकान होतं. घरातल्या कॉझिमो नावाच्या मुलाने १९४५ साली मागच्या खोलीत ध्वनिमुद्रण सुरू केलं. खोली आपल्या दिवाणखान्याएवढी!

तो काळ महायुद्धानंतरचा. मोठे वाद्यवृंद पोसणं कुणाला परवडेना. मग पाच-सात वादकांत भागवायचं आणि उरलेली कसर गायकाने खड्या आवाजाने भरून काढायची. जोडीला सॅक्सोफोन आणि पाय जागच्या जागी राहू न देणारा ठेका. हेच ‘जंप ब्लूज’.

रॉय ब्राउन हा त्यातलाच एक. त्याने ‘गुड रॉकिंग टुनाइट’ हे गाणं रचलं आणि नावाजलेल्या वायनोनी हॅरिसला देऊ केलं. हॅरिस नको म्हणाला. मग १९४७ साली याच खोलीत रॉयने ते स्वतःच गायलं. गाणं चालतंय म्हटल्यावर हॅरिसनेही गायलं, आणि १९४८ साली पहिला क्रमांक मिळाला तो हॅरिसच्या तबकडीला! १९५४ साली एल्व्हिस प्रेस्लीने तेच गाणं म्हटलं. एल्व्हिस पुढे जगाचा लाडका झाला, अन् रॉयवर मात्र दारोदार ज्ञानकोश विकायची पाळी आली.

लिटल रिचर्डचं ‘टुटी फ्रुटी’ही इथलंच, १९५५ सालचं. बस-स्थानकावर भांडी घासणारा हा मुलगा! गाण्याची चाल फक्कड, पण शब्द इतके चावट की रेडिओवर लागणं अशक्य. तेव्हा डोरोथी लाबोस्त्री या तरुणीला बोलावलं. तिने सभ्य शब्द बसवून दिले आणि वेळ संपता संपता गाणं मुद्रित झालं. पुढे पॅट बून या गोऱ्या गायकाने तेच गायलं आणि खपाच्या यादीत रिचर्डच्याही वर जाऊन बसला. डोरोथीचं नाव तर किती जणांना ठाऊक असेल?

तिथून रस्ता ओलांडलात की लुई आर्मस्ट्राँगच्या नावाची बाग लागते. तिच्यातच काँगो स्क्वेअर आहे. गुलामगिरीच्या दिवसांत आफ्रिकेतून आणलेले लोक रविवारी इथे जमत, ढोल वाजवत, नाचत. आठवड्याचे कष्ट विसरायला तेवढीच एक दुपार. तो ठेका आणि समोरच्या खोलीतला ठेका यांचं नातं सांगायला कुणी पंडित नको.

आणि जाणं नाही जमलं, तरी घरबसल्या एक करा. मुलांना सांगून आधी रॉय ब्राउनचं गाणं लावा, मग एल्व्हिसचं. ऐकताना पोळ्या लाटायला हरकत नाही. लाटणं आपोआप ठेका धरील! पण मुलांना एवढं जरूर सांगा, की हे गाणं आधी कुणाचं होतं.