निवळणे

पाणी आपण गढूळ करतो. निवळते मात्र ते स्वतःच. 'निवळणे' हे क्रियापद अकर्मक आहे. त्याचे प्रयोजक रूप व्याकरण देत असले तरी वऱ्हाडातल्या घरांत ते क्वचितच कानी पडते. या व्याकरणाचा प्रत्यय आम्हांला आला तो अमरावतीच्या घरी आणलेल्या ६० लिटरच्या फिशटँकमुळे. वाळू धुतलेली, नळाचे पाणी एक दिवस ठेवून क्लोरीन उडालेले, दोन गोल्डफिश सोडलेले; आणि चौथ्या दिवशी सारे पाणी तांदळाच्या धुवणासारखे पांढरट.

वडील तेव्हा अकोल्याहून आले होते. त्यांनी काचेशी डोळे नेऊन पाहिले व विचारले, "तुरटी काऊन नाही फिरवत रे?"

हा प्रश्न अडाणीपणाचा नव्हे. पूर्णेच्या खोऱ्यातील खारपाणपट्टा अकोला, अमरावती आणि बुलडाणा या तीनही जिल्ह्यांत पसरला आहे. तिथे विहिरीला पाणी लागले तरी ते खारट. म्हणून नदीनाल्याचे गढूळ पाणी रांजणात भरून तुरटी फिरवायची, ही पिढ्यांची सवय. मातीचे सूक्ष्म कण एकाच विद्युत्भाराचे असल्याने एकमेकांना दूर लोटत तरंगत राहतात. तुरटी तो दुरावा मोडते, कण एकवटतात व तळाशी बसतात. निवळीची बी घड्याच्या आतून घासण्यामागेही हेच तत्त्व. संस्कृतात तिला 'कतक' म्हणतात. कतकाचे नुसते नाव घेऊन पाणी स्वच्छ होत नाही, असे मनुस्मृतीच्या सहाव्या अध्यायात बजावले आहे. तर शंकराचार्यांच्या नावे असलेल्या 'आत्मबोधा'त, पाणी स्वच्छ करून स्वतःही विरून जाणाऱ्या कतकचूर्णाची उपमा ज्ञानाला दिली आहे. काव्यशास्त्रातला 'प्रसाद' गुणही ज्या धातूपासून आला त्या 'सद्'चा अर्थ बसणे असाच. गाळ बसला की प्रसाद.

पण आमच्या टँकमध्ये बसण्याजोगे काही नव्हते. तो पांढरेपणा मातीचा नसून जिवंत होता: नव्या पाण्यात उरलेल्या अन्नावर व विष्ठेवर एकाएकी वाढलेले जिवाणू. तुरटीने पाण्याची आम्लता वाढली असती आणि माशांच्या कल्ल्यांना इजा झाली असती. वडिलांना आम्ही एवढेच सांगितले, की हा गाळ नाही, ही वस्ती आहे. त्यांना ते पटले नाही.

एका दुकानदाराचा सल्ला होता, सगळे पाणी ओतून नवे भरा. त्याला मात्र वडिलांनीच विरोध केला. अमरावतीला पाणी सिंभोऱ्याच्या ऊर्ध्व वर्धा धरणातून येते, अकोल्याला महानच्या काटेपूर्णातून. आणि नळ दिवसांच्या अंतराने येण्याची सवय अंगात मुरलेला माणूस ६० लिटर मोरीत जाऊ देणार नाही. शास्त्रही त्यांच्याच बाजूने होते. सगळे पाणी बदलले की तोच वसाहतीचा खेळ पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो.

मग आम्ही खाणे एका चिमटीवर आणले, हवेचा पंप रात्रंदिवस चालू ठेवला, कारण हे जिवाणू पाण्यातला प्राणवायूही खातात; आणि दर तीन दिवसांनी चौथा हिस्सा पाणी बदलले. फिल्टरचा स्पंज टँकमधून काढलेल्याच पाण्यात पिळला, नळाखाली नाही. दहाव्या दिवशी पाणी असे निवळले की पलीकडच्या भिंतीवरचे कॅलेंडर वाचता यावे. बाराव्या दिवशी, त्या आरशासारख्या पाण्यात, एक मासा मेला.

कारण अमोनियाला रंग नसतो. त्याचे नायट्राइट आणि पुढे नायट्रेट करणारे जिवाणू फार सावकाश वाढतात. फिल्टरमध्ये त्यांचे बस्तान बसायला चार ते सहा आठवडे लागतात. पांढरे पाणी निवळणे ही निराळीच घटना, तिच्यावरून विष गेले असे ठरत नाही. (सुबोध म्हणून गौरवलेल्या काही गद्याविषयी आमचा संशय याच जातीचा आहे.)

वडील तोवर अकोल्याला परतले होते. फोनवर त्यांनी आधी पाण्याचे विचारले, मग माशाचे. आम्ही दोन्ही सांगितले. ते काही वेळ बोलले नाहीत. नंतर म्हणाले, बदललेले पाणी फेकू नका, त्यात खत असते. सहाव्या आठवड्यात तपासणीच्या थेंबांनी अमोनिया शून्य दाखवला. दुसरा मासा जगला आहे, आणि काढलेली बादली दर रविवारी मोगऱ्याला जाते.