गळतीचं कारण

हृदयाची मायट्रल झडप आकसलेली असेल आणि फायलीत कारण नसेल, तर आयसीडी-१० हे आजारांच्या कोडचं वर्गीकरण ते रुमॅटिकच धरतं. कोड येतो आय०५.०. तीच झडप नुसती गळत असेल आणि कारण लिहिलेलं नसेल, तर कोड जातो आय३४.० ला, म्हणजे नॉन-रुमॅटिकच्या खात्यात. नियम आहे, पाळावाच लागतो. पण बुलढाणा जिल्ह्यात बसून फायली कोड करताना तो मला टोचतो. लोणार-मेहकरकडची पंचविशीतली बाई, इकोवर ‘सिव्हिअर एमआर’ म्हणजे मायट्रल झडपेची मोठी गळती, निदानाच्या रकान्यात तेवढंच उतरवलेलं. सोबतची आई सांगते, ‘‘शाळेत होती तवा गुडघे लय सुजायचे हिचे, ताप हटत नव्हता.’’ रुमॅटिक तापाची ही खूण कुठल्याच कागदावर नसते.

आईचं ऐकून मी कोड बदलू शकत नाही. ‘झडपेची पानं जाड, मागचं पान नीट हलत नाही’ असं इकोत असलं, तरी निदान करणं माझं काम नाही. ‘सर, रुमॅटिक लिहू का?’ असंही विचारायचं नाही, ते उत्तर डॉक्टरांच्या तोंडी घालणं झालं. इको समोर ठेवायचा, आईचं म्हणणं सांगायचं आणि विचारायचं, ‘गळतीचं कारण काय लिहू?’ तेवढ्यासाठी मी फाईल अडवून धरते. महात्मा फुले जन आरोग्य योजनेच्या पॅकेजचा कोड वेगळा, तो पैशाचा. हा आजाराचा. रुमॅटिक असेल तर बेंझाथिन पेनिसिलिनचं इंजेक्शन दर तीन-चार आठवड्यांनी, वर्षानुवर्षं घ्यावं लागतं. डिस्चार्ज कार्डावर कारणच नसेल, तर गावच्या आरोग्य केंद्रातली सिस्टर ते कशाच्या आधारावर देणार?

ऑपरेशन होऊन आलेल्यांच्या कार्डावर कधी नुसतं ‘एमव्हीआर’ असतं. त्यातला ‘आर’ रिप्लेसमेंटचा की रिपेअरचा, म्हणजे मायट्रल झडप बदलली की दुरुस्त केली? बदलली तर मेटलची की प्राण्याच्या ऊतीची? मेटलची असेल तर झेड९५.२, ऊतीची असेल तर झेड९५.३. मेटलच्या झडपेला, मग ती परदेशी असो की तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेनं विकसित केलेली, रक्त पातळ ठेवणारी गोळी जन्मभर लागते आणि रक्त किती पातळ आहे ते सांगणारं आयएनआर तपासत राहावं लागतं. अशा गोळ्यांपैकी वॉरफरिन गर्भाला घातक ठरू शकते, आणि या बायका बाळंतपणाच्या वयातल्या. म्हणून ऑपरेशन नोट मिळेपर्यंत मी ती फाईल बंद करत नाही. कुठली झडप, कसली, किती नंबरची, कुठल्या तारखेला बसवली, हे सगळं डॉक्टरांकडून डिस्चार्ज कार्डाच्या पहिल्या पानावर लिहून घेते.