नर्मदेकाठच्या साध्या गाड्या

वाचकहो, जबलपूरला जाण्याचा योग आला, तर भेडाघाटचे संगमरवरी कडे आणि धुवाँधारचा प्रपात आपण पाहालच. परंतु तेथून शहरात परतताना रस्त्याकडेही थोडे लक्ष असू द्या. १९०४ साली येथे तोफगाड्यांचा कारखाना स्थापन झाला व १९६९ साली लष्करी वाहनांचा. याच नगरीने भारतीय सैन्याला ‘जोंगा’ दिली. ‘जबलपूर ऑर्डनन्स अँड गन कॅरेज असेंब्ली’ या शब्दांच्या आद्याक्षरांतून हे नाव सिद्ध झाले. जपानी निसानच्या आराखड्यावर बेतलेली ही उंच, चौकोनी गाडी येथे १९९९ पर्यंत तयार होत असे. रूप म्हणाल तर ओबडधोबड. पण चिखल, खडक वा नदीचा उतार यांची तिला क्षिती नसे.

असल्या गाडीने शर्यतीत उतरावे, ही कल्पना आपणांस हास्यास्पद वाटेल. परंतु १९९७ साली जुन्या मोटारींची पेकिंग ते पॅरिस अशी दीर्घ स्पर्धा झाली. तिबेट, नेपाळ व भारत ओलांडून गाड्या पुढे पश्चिमेकडे गेल्या. त्यांत अ‍ॅस्टन मार्टिनसारख्या नामांकित वेगवान गाड्या होत्या. पहिली आली ती मात्र १९४२ सालची विलीज जीप, म्हणजे जोंगाच्याच कुळातील एक साधी लष्करी गाडी!

याहून बोलके उदाहरण १९६८ चे आहे. लंडन ते सिडनी या शर्यतीसाठी २४ नोव्हेंबर रोजी ९८ गाड्या निघाल्या. दिल्लीहून आग्रा, इंदूर, धुळे, नाशिक या मार्गाने त्या मुंबईस आल्या. वाटेत खलघाटच्या पुलावर त्यांनी नर्मदा ओलांडली. भेडाघाटला आपण पाहतो, तेच हे पाणी! मुंबईस ७२ गाड्या पोहोचल्या आणि तेथून बोटीने ऑस्ट्रेलियास गेल्या. त्या वेळी आघाडीवर होती रॉजर क्लार्कची चपळ लोटस कॉर्टिना. परंतु पुढे यंत्राने दगा दिला व तिला दहाव्या क्रमांकावर समाधान मानावे लागले. विजयी ठरली अँड्र्यू कौवनची हिलमन हंटर, मुलाबाळांसह सहलीस न्यावी अशी घरगुती गाडी. वेगासाठी प्रसिद्ध असलेली पोर्शे चौथी आली.

असे का व्हावे? वेगवान गाडीचे यंत्र फार ताणलेले असते आणि तिचे पोट जमिनीलगत असते. खड्डा, धूळ वा हलके पेट्रोल तिला सोसत नाही. साध्या गाडीचे यंत्र आपल्या शक्तीच्या आत चालते, आणि मोडलेच तर वाटेवरचा मिस्त्रीही ते दुरुस्त करू शकतो. हजारो मैलांच्या वाटेवर हाच गुण मोलाचा ठरतो. आपल्या घाटांतील ‘अति घाई, संकटात नेई’ ही पाटी दुसरे काय सांगते?

या शर्यतीतील आणखी एक प्रसंग मुलांना अवश्य सांगावा. शेवट जवळ आला असता आघाडीवरील ल्युसियाँ बियांकीची सिट्रोएन समोरून येणाऱ्या मोटारीवर आदळली. मागून पॅडी हॉपकर्क आपल्या ऑस्टिन १८०० मध्ये येत होता. तीही कुटुंबाचीच गाडी. विजय हाती येण्याचा संभव असताना तो थांबला आणि जखमींच्या मदतीस धावला. त्याला दुसरा क्रमांक मिळाला. पण त्या दिवशी माणुसकीत त्याच्या पुढे कोण होते?

म्हणून जबलपूरच्या एखाद्या वळणावर जुनी जोंगा उभी दिसली, तर तिच्या रंग उडालेल्या पत्र्याकडे पाहून हसू नका. क्षणभर थांबा, मुलांना तिच्या नावाचा अर्थ सांगा आणि मग ग्वारीघाटाची वाट धरा. नर्मदाही तेथे संथच वाहते. पण समुद्रापर्यंत पोहोचते.