ब्लीकलोचा ओला डोंगर

मँचेस्टर-बोल्टनकडे लेकीला, भावाला भेटायला जाणारी कुटुंबं आता आपल्यात कमी नाहीत. पाहुण्यांना डोंगर दाखवायचा म्हटलं की बहुतेक जण मॅम टॉरला नेतात. उंची ५१७ मीटर, वरपर्यंत फरसबंद वाट, आणि सुटीच्या दिवशी गाडी लावायला जागा मिळत नाही. आम्ही घरचे सहा जण मात्र त्याच पीक डिस्ट्रिक्टमधल्या ब्लीकलोवर गेलो. उंची ६३३ मीटर, पण सुळका नाही, कडा नाही. नजर जाईल तिथवर ओलं माळरान.

स्नेक पास या घाटाच्या माथ्यावर पेनाइन वे ही सुमारे ४३० किलोमीटरची पायवाट रस्ता ओलांडते. तिथून आम्ही उत्तरेकडे निघालो. आपल्या कोकणातला चिखल पावसाबरोबर येतो आणि जातो, इथला बारमाही. पाणी साचून राहतं, हवा आत शिरत नाही, म्हणून मेलेलं शेवाळ पुरतं कुजत नाही. त्याचे थर चढत जातात, वर्षाला जेमतेम एक मिलिमीटर. हीच पीटची काळी माती. कुठे कुठे ती माणसाच्या उंचीपेक्षा खोल आहे. हजारो वर्षांची कमाई आपल्या बुटांखाली असते.

या कमाईवर घाला पडला तो गिरण्यांच्या धुराने. अमेरिकेतलं यादवी युद्ध चालू असताना, १८६१ ते १८६५ या काळात, मुंबई बंदरातून भरून गेलेला कापूस याच भागातल्या गिरण्यांत कातला गेला. त्यांच्या धुराड्यांनी आम्लाचा पाऊस पाडला, शेवाळ मेलं, उघडी पडलेली माती वाहून गेली. पुढे गिरण्या बंद पडल्या, पाडल्या गेल्या. त्यांच्याच जमिनीच्या फरशा हेलिकॉप्टरने आणून पेनाइन वेवर दलदलीच्या जागी अंथरल्या. २००३पासून इथे ओघळींना बांध घालून पुन्हा शेवाळ लावण्याचं काम चालू आहे.

इथे चालण्याचा हक्कही सहज मिळालेला नाही. हे डोंगर जमीनदारांच्या शिकारीसाठी राखीव होते. २४ एप्रिल १९३२ रोजी शेजारच्या किंडर स्काउटवर कामगार तरुण मनाई मोडून चढले. त्यांतल्या पाच जणांना तुरुंगवास झाला. २००० सालच्या कायद्याने अशी माळरानं सर्वांना खुली झाली.

जोहरची वेळ झाली तेव्हा धुकं उतरलं होतं. होकायंत्र वाटेसाठी घेतलं होतं, त्यावरच किब्ला पाहिला. इंग्लंडहून तो साधारण आग्नेयेला येतो. बाटलीतल्या पाण्याने वुजू केला आणि सपाट दगडावर आळीपाळीने नमाज पढलो. वाऱ्याखेरीज आवाज नव्हता. अम्मी म्हणाल्या, “इतकी शांतता हजहून आल्यापासून मिळाली नव्हती.”

जाणार असाल तर घोट्यावर येणारे बूट, रेनकोट, कागदी नकाशा आणि होकायंत्र घ्या. मोबाइलच्या भरवशावर राहू नका. चकचकीत हिरवं शेवाळ दिसेल तिथे पाय टाकू नका. तिथेच पाणी सर्वांत खोल असतं. हिवाळ्यात चार वाजताच अंधारतं, तेव्हा सकाळीच निघा. आणि कबाब घरूनच भाजून न्या. २०१८च्या उन्हाळ्यात जवळच्या सॅडलवर्थ माळाला आग लागली, तेव्हा लष्कर बोलवावं लागलं. वाळलेलं पीट आतल्या आत धुमसत राहतं, आणि जळालेला एक वीतभर थर पुन्हा भरायला दोनशे वर्षं लागतात.