तारखेचा फेर

पुण्याच्या पेठांत वाहन उभें करणें ही पंचांग पाहून करावयाची गोष्ट आहे. रस्त्याच्या एका बाजूस ‘पी-१’ अशी पाटी, ती विषम तारखेची. समोरची ‘पी-२’ सम तारखेची. आज इकडे, उद्यां तिकडे, हा सोपा नेम आम्ही वर्षानुवर्षें पाळीत आलों आणि शेवटीं त्यानेंच फसलों. ३१ तारखेमागून १ तारीख येते व दोन्ही विषमच, हें त्या दिवशीं ध्यानांत आलें नाहीं. संवयीनें आमची दुचाकी पलीकडे लावली गेली आणि तासाभरांत ५०० रुपयांचें ई-चलान मोबाइलवर येऊन थडकलें.

आम्ही रागारागानें तक्रार लिहावयास बसलों. चलानांत चूक असल्यास पुराव्यानिशीं दाद मागतां येते, हें आम्हांस ठाऊक होतें. म्हणून वाहनाचा क्रमांक, वेळ, ठिकाण एकेक ताडून पाहिलें, सर्व बिनचूक! राहतां राहिलें छायाचित्र. त्या दिवशीं मोकळी असावयाची बाजू अडवून आमची दुचाकी ऐटींत उभी होती, आणि तिला वळसा घालण्यासाठीं एक वृद्ध गृहस्थ काठी टेकीत धांवत्या मोटारींच्या ऐन वाटेंत उतरले होते.

तक्रार अर्धीच राहिली. दंड त्याच रात्रीं भरला. हल्लीं वाहन लावतांना आम्ही आधीं तारीख पाहतों. आणि चार पावलें गेल्यावर पुन्हां मागें वळून पाहतों, कोणाची वाट तर अडली नाहीं ना!