काटा कोणाच्या पायातला

काट्याने काटा काढावा, या म्हणीत पाय एकाच माणसाचा असतो हे सहज गृहीत धरले जाते. बाभळीचा काटा टाचेत मोडला की दुसऱ्या काट्याच्या टोकाने भोवतालची कातडी उकरायची, मोडके टोक वर आले की चिमटीत धरून ओढायचे आणि मग दोन्ही काटे फेकून द्यायचे, असा तो व्यवहार. त्यात सोसणारा आणि सुटणारा एकच. हिवतापाने माणसाच्या रक्तात जो काटा रुजवला, त्याला हे लागू पडत नाही.

हिमोग्लोबिन या प्राणवायू वाहणाऱ्या प्रथिनाच्या जनुकातील एक बारीक बदल आईवडिलांपैकी एकाकडूनच आलेला असेल, तर जीवघेण्या हिवतापापासून बरेच संरक्षण मिळते, हे अँथनी ॲलिसन यांनी १९५४ साली पूर्व आफ्रिकेतील निरीक्षणांवरून दाखवून दिले. तोच बदल दोघांकडून आला तर तांबड्या पेशी विळ्याच्या आकाराने वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि हाडांत असह्य कळा उठतात; हाच सिकलसेल आजार. गडचिरोलीत काय किंवा नंदुरबारमध्ये काय, आईवडील दोघेही वाहक असले तर प्रत्येक अपत्याच्या बाबतीत ही शक्यता चारात एक असते. म्हणजे तगले ते पूर्वज आणि कळा सोसते ते लेकरू. शिवाय हिवताप ओसरला तरी हा काटा फेकता येत नाही.

संसर्गाने सजीवांना घडवले असे म्हणताना या लेकराला विसरणे न्यायाचे नाही, असे मनाशी ठरते न ठरते तोच सस्तन प्राण्यांच्या वारेची कथा आडवी येते. रेट्रोव्हायरस, म्हणजे आपली आनुवंशिक माहिती यजमान पेशीच्या डीएनएत घुसवणारे विषाणू, कधीकाळी पूर्वजांच्या बीजपेशींत शिरले आणि पिढ्यान्‌पिढ्या उतरत आले. मानवी डीएनएचा सुमारे ८ टक्के भाग अशा अवशेषांचा आहे. पेशीत शिरण्यासाठी तिच्या आवरणाशी एकजीव होणारे अशाच एका विषाणूचे प्रथिन आज सिन्सिटिन या नावाने वारेतील पेशी एकमेकींत मिसळवून त्यांचा अखंड थर बनवते, आणि त्याच थरातून आईचे पोषण गर्भापर्यंत पोहोचते. उंदरांच्या वंशात हे काम निराळ्या विषाणूंकडून आलेली जनुके करतात. त्यांपैकी एक निकामी केले तर गर्भ पोटातच दगावतो.

येथे काटा कोणता आणि पाय कोणता, हे वेगळे काढताच येत नाही. सिकलसेलचे जनुकही कधी असे अंगी मुरेल, असे मानायला आधार नाही; मुरले तरी आज कळा सोसणाऱ्या मुलाला त्याचे काय? पण ते मूलही विषाणूकडून आलेल्या जनुकाच्याच आधाराने गर्भात पोसले गेलेले असते, त्यामुळे देणे कोणाचे आणि घेणे कोणाचे, हे आता आधीपेक्षाही कमी खात्रीने सांगता येते.